डायनामो उतरवला ती थंडी

माझ्या वडिलांनी अर्ध्या मध्य प्रदेशाच्या घरांत उजेड पाडला, असं मी म्हटलं की ऐकणारे एकमेकांकडे बघतात. झाली हिची सुरुवात! पण यात माझी भर अगदी चिमूटभर आहे. बाबा पुण्याहून भोपाळला ज्या सरकारी कारखान्यात आले, तिथे वीजघरांत बसवायचे अल्टर्नेटर बनत. एकेक धूड रेल्वेच्या डब्याएवढं. त्या धुडाच्या पोटात तांब्याची वेटोळी नीट बसली की नाही हे बघायचं काम बाबांचं. ते एका वेटोळ्यावर नुसतं बोट फिरवून सांगत, इथे दाब कमी पडलाय. आणि हाच थोर माणूस संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाल्यावर ज्या मोटारसायकलवरून पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरवर येई, तिच्या पुढच्या दिव्यापेक्षा आमच्या देव्हाऱ्यातलं निरांजन जास्त उजेड देई.

मोटारसायकल विलायती होती, जवळजवळ बाबांच्याच वयाची. निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका साहेबाकडून बाबांनी ती घेतली, तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. म्हणून आई तिला ‘थोरली’ म्हणायची. “अहो, थोरलीला पुसून झालं असेल तर धाकटीनं पोहे केलेत, खाऊन घ्या.” थोरलीला ठिणगी द्यायला मॅग्नेटो होता, त्यामुळे ती बॅटरी असो नसो, किक मारली की डगडग करत उठायची. दिव्यापुरता मात्र एक वेगळा डायनामो. तुपाच्या लहान डब्याएवढा, सहा व्होल्टचा. भोपाळमधल्या पहिल्या थंडीत, एकटे हॉस्टेलच्या खोलीत राहत असताना, बाबांनी त्याची तार स्वतःच्या हातांनी पुन्हा गुंडाळली होती. केसासारखी बारीक तार, आणि जवळ ना भिंग ना नीट टेबल. ही कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे, की त्या खोलीतली रॉकेलची शेगडी मला अजून दिसते, जरी मी तेव्हा जन्मलेही नव्हते. कारखान्यातले ते डबे सगळ्यांचे. हा डबा त्यांचा एकट्याचा.

त्यामुळे आमच्या घराचं वेळापत्रक थोरलीच्या दिव्यावर चालायचं. दिवेलागणीच्या आत सगळ्यांनी घरात. बिट्टन मार्केटच्या हाटाला जायचं तर दुपारी तीनला निघायचं, जवाहर चौकात कापड घ्यायचं तर दुकानदाराने अजून शटरही पुरतं वर केलेलं नसायचं तेव्हा आम्ही हजर. थंडीतल्या त्या संध्याकाळी मला स्वप्नात बघितल्यासारख्या आठवतात. सगळ्या क्वार्टरांच्या मागच्या अंगणांतून शेगड्यांचा धूर निघायचा, तो वर न जाता पेरूच्या झाडांच्या उंचीवर एक निळी चादर होऊन पसरायचा, आणि त्या चादरीखालून कुणाकडची लसणाची फोडणी, कुणाकडचे भाजके बाफले, आमच्याकडचं थालीपीठ असे वास एकमेकांना ओलांडत फिरायचे. मग दुरून डग, डग, डग. आधी आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग फाटकाशी आल्यावर एक पिवळसर ठिपका दिसायचा. आई म्हणायची, “आले. दिवा लावा म्हणजे त्यांना त्यांचा दिवा दिसेल.”

हल्ली मी मिसरोदला राहते. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत असे घुसतात की कपाळावर हात धरून रस्ता ओलांडावा लागतो. तेव्हा मला त्या ठिपक्याची आठवण येते, पण प्रेमाने येते असं मात्र नाही. खरं तर त्या ठिपक्याने आईचं आयुष्यात एकदाच मिळालेलं नाटकातलं काम जवळजवळ घालवलंच होतं. तेच सांगते.

आमच्या मराठी मंडळात दर वर्षी नाटक व्हायचं. आई पंधरा वर्षं त्या नाटकांत होती, म्हणजे साड्यांना इस्त्री करण्यात, चहा पोचवण्यात, आणि एकदा ‘पडद्यामागून स्त्रीचा आवाज’ म्हणून. त्या वर्षी नागपूरचे देशकरकाका, जे सचिवालयात फायली सांभाळायचे आणि मंडळात सगळ्यांना, त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. एका पोस्टमास्तरणीचं. तिचं ऑफिस बंद होणार असतं. तिसऱ्या अंकात ती रिकाम्या खिडकीशी एकटीच बोलते, चांगली आठ मिनिटं. देशकरकाकांनी सगळ्या बायकांना एकेक पान वाचायला लावलं. आईचं वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “वहिनी, पंधरा वर्षं तुम्ही आम्हाला चहा काहून देत होत्या हो?”

त्या दिवसापासून आई दोन होत्या. एक कणीक मळायची, दुसरी त्या कणकेला पत्रं वाटायची. कुकरच्या शिट्ट्यांना ती शिक्क्यांचा ठोका समजायची. मी वर्गातून आले की दारातच, “काय हवंय? पाकीट की पोस्टकार्ड?” आईला इतकं गोड दिसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांची होते, पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षात, वीज शाखेत, आणि मला तोपर्यंत वाटत असे की आया अशाच, जरा विझलेल्याच जन्माला येतात.

अडचण एकच होती. तालीम जवाहर चौकाजवळच्या हॉलमध्ये, सहा ते आठ. जायला मिनीबस मिळायची, परत यायला नाही. म्हणजे बाबा आणि थोरली. पहिले आठ दिवस दोघं कसेबसे आले, बाबा दिव्यापेक्षा अंदाजावर चालवत. नवव्या दिवशी चेतक पुलाच्या अलीकडे केबलसाठी खणलेला चर त्यांना दिसला नाही. वेग माणूस चालेल इतकाच होता, म्हणून निभावलं. आईचा गुडघा सोलवटला, हातातली नाटकाची वही चिखलात गेली. घरी आल्यावर तिने आधी वही धुतली. एकेक पान तव्याच्या धगीवर धरून वाळवलं, आणि मग शांतपणे म्हणाली, “उजेड येईपर्यंत मी थोरलीवर बसणार नाही.”

“उजेड आहे की,” बाबा म्हणाले.

“तो? त्याला शोधायला दुसरा दिवा लागतो.”

मी तोंड उघडलं. नव्या गाड्यांत इंजिनाच्या दांड्यावरच अल्टर्नेटर बसवतात, बारा व्होल्टचा; आपण तसाच बसवू, डायनामो काढून टाकू. ‘काढून टाकू’ हा शब्द मी वापरायला नको होता. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आजोबांना वृद्धाश्रमात ठेवायचं म्हणत होते. “तिच्यात जे मूळचं आहे, ते मूळचं राहील,” ते म्हणाले.

“अहो, पण मूळचा गुडघा माझा आहे,” आई म्हणाली. विषय संपला. बाबांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. आमच्या घरात याला परवानगी समजत.

जहांगीराबादेत रशीदभाईंचं गॅरेज होतं. एक पिंपळ, त्याखाली एक बाज, एक लेथ, आणि अर्ध्या उघडलेल्या मोटारसायकली, पाठीवर निजलेल्या म्हशींसारख्या. रशीदभाई मिठाचा चहा प्यायचे आणि पाजायचे. पहिला घोट घेऊन मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, “को खां बिटिया, चाय पी रई हो के दवा?” मी काय करायचं ते सांगितलं. त्यांनी थोरलीभोवती दोन चकरा मारल्या, टाकीवर हात ठेवला, नाडी बघितल्यासारखा. “हो जाएगा. लेकिन काम तुम करोगी, हम बताएँगे. साहब की गाड़ी है, हमने डायनामो उतारा तो साहब उम्र भर बात नईं करेंगे. तुम तो लड़की हो, तुमसे कब तक नईं बोलेंगे?”

त्यांचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. जे खोलाल त्याचं आधी चित्र काढा, आणि जसं खोललंत तसंच बांधा. “जैसे खोला, वैसे बाँधा. अपनी अकल बीच में नईं लानी.” मी शाळेची एक चौकटीची वही घेतली. डायनामोच्या दोन तारा कुठे जातात, बॅटरीचं कुठलं टोक चौकटीला जोडलंय, कुठला बोल्ट कुठून आला, सगळं रंगीत पेन्सिलींनी. तीन आठवडे कॉलेज सुटलं की मी त्या पिंपळाखाली. चेनकेसचं झाकण उघडल्यावर जुन्या तेलाचा जो वास आला, तो मला अजून गोड लागतो; आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना मी चालीचा वेग कमी करते, मैत्रिणींना वाटतं माझे पाय दुखतात. नव्या मोटारसायकलचा चुंबकाचा गोळा थोरलीच्या दांड्यावर बसेना, म्हणून रशीदभाईंनी लेथवर एक कडं कापलं. धातूची कुरळी, निळसर पट्टी लांब लांब निघून माझ्या पायाशी पडत होती, वर पिंपळाची पानं पडत होती, आणि शेजारच्या मशिदीतून दुपारची अजान. त्या दुपारी मला ठाम वाटलं की मी म्हातारी होणारच नाही. (झाले नाही. अजून मध्यमवयीनच आहे.)

डायनामो मी घरी आणून बाबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी त्याला एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. 

इकडे देशकरकाका एके दिवशी घरी आले. आईच्या बऱ्याच तालमी बुडाल्या होत्या. चहा घेतला, तिसऱ्या बिस्किटापर्यंत हवापाणी बोलले, मग म्हणाले, “वहिनी, मी काय म्हणतो, शनिवारी अख्ख्या नाटकाची तालीम ठेवली आहे. तुम्ही आल्या तर तुम्ही. नाही आल्या तर मालूताईंचं पाठांतर तयार आहे. मला बी बरं नाही वाटत, पण हॉलचं बुकिंग होऊन गेलं नं.” आई हसली, म्हणाली, बरोबर आहे तुमचं. त्या रात्रीच्या वरणात मीठ नव्हतं आणि कुणी ते बोललंही नाही.

शनिवारपर्यंत सगळं बसलं होतं. चुंबक, तारा, बारा व्होल्टचा बल्ब, आणि येणारी वीज आवरून बॅटरीत सोडणारा रेग्युलेटर, एक काळी चौकोनी वडी. फक्त बॅटरी जोडायची राहिली होती. ती रशीदभाई स्वतः जोडणार होते. पण त्यांना भाचीच्या निकाहासाठी विदिशाला जावं लागलं. जाताना म्हणाले, “बैटरी को हाथ मत लगाना, हम इतवार की शाम को आ जाएँगे.” शनिवारी तालीम, आणि हे रविवारी येणार! मी थोरली ढकलत ढकलत घरी आणली, मागच्या अंगणात स्टँडवर लावली, आणि वही उघडली. जसं खोललं तसं बांधायचं, एवढंच तर होतं. माझ्या चित्रात लाल पेन्सिलीने स्पष्ट काढलं होतं: बॅटरीची अधिक खुणेची बाजू, गाडीच्या चौकटीला.

बाबा बाहेर आले. हातात चहाचा कप. पेरूखाली उभे राहून त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पान्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं. वाटलं, आले शेवटी बघायला. आई दारात, जांभळी साडी नेसून, पर्स खांद्याला, वही छातीशी. मी आधी एक टोक आवळलं, मग दुसरं टेकवलं.

फट् असा आवाज झाला, फार मोठा नाही. मग त्या काळ्या वडीतून एक पांढरी, अगदी सभ्य धुराची दोरी निघाली आणि पेरूच्या पानांत शिरली. तारेचं वेष्टण वितळून चौकटीवर ओघळलं. मी टोक ओढून काढलं तेव्हा बोट भाजलं. तो डाग अजून आहे, लोकांना मी वेगवेगळ्या कथा सांगते. आईने साडीचा पदर नाकाला लावला, बघत राहिली, आणि मग आत जाऊन साडी बदलून आली.

जेवताना भाकरी मोडत मी म्हणत होते, मी सगळं वहीप्रमाणे केलं, तार न् तार. आणि तेव्हा बाबा ताटाकडे बघत म्हणाले, “वही बरोबर होती.”



“जुन्या विलायती गाड्यांत अधिक बाजू चौकटीला जोडायचे. आताच्या सगळ्या गाड्यांत उणे. तो रेग्युलेटर आताचा आहे. त्याला ते उलटं जातं.”

“तुम्हाला हे कधी कळलं?” आईने विचारलं.

“मला ते पहिल्यापासूनच माहीत आहे.”

“मग तिथे उभे होतात तेव्हा?”

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. “वाटलं, धूर निघाला की हा नाद सुटेल. डायनामो परत बसेल.”

“किती वेळ बघत होतात?”

“चहा संपेपर्यंत.”

आई रडली असती किंवा ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली, हात धुतले, शाल घेतली आणि म्हणाली, “कुलकर्ण्यांकडे जाऊन फोन करून येते. मालूताईंना कळवायला हवं, त्यांना उद्यापासून तयारी करता येईल.” तिचा आवाज अगदी त्या पंधरा वर्षांतला झाला होता, चहा पोचवतानाचा. मला तो ओळखू आला, आणि मला वाटतं बाबांनाही.

“थांब,” बाबा म्हणाले. “फोन मी करतो.”

मी त्यांच्या मागोमाग गेले, कारण अशी संधी मी सोडणारी नव्हते. कुलकर्ण्यांच्या दिवाणखान्यात, सगळ्या कुलकर्ण्यांच्या देखत, बाबांनी फोनवर देशकरकाकांना सांगितलं: आज ती आली नाही, ते माझ्यामुळे, मुलगी चुकीचं जोडत होती, मला दिसत होतं, मी बोललो नाही, सोमवारी ती येईल. पलीकडून देशकरकाकांचा आवाज खोलीभर ऐकू आला. “म्हणजे पोरगी जोडत होती अन् तुम्ही पाहत राह्यले? इंजिनियर माणूस?” बाबा म्हणाले, “हो.” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, “सोमवारी सहाला. एक मिनिट उशीर नको बरं.”

रविवारी संध्याकाळी बाबा स्वतः थोरली ढकलत जहांगीराबादेला गेले, मी मागून ढकलत. रशीदभाई लग्नाच्या शेरवानीतच बसले होते. जळलेली वडी त्यांनी हुंगली. “किसने लगाया?”

“मैंने,” मी म्हणाले.

“मैं देख रहा था,” बाबा म्हणाले. “मालूम था. नहीं बोला.”

रशीदभाईंनी बाबांकडे नीट पाहिलं. “साहब, हम अनपढ़ लोग हैं, हम गलती से फूँकते हैं. आप पढ़-लिख के फूँक रिये हो?” आणि मिठाचा चहा मागवला. बाबांनी तो तोंड वाकडं न करता संपवला. मग रशीदभाईंनी त्यांच्याच एका उघड्या गाडीचा रेग्युलेटर काढून दिला, आणि बाबा बाह्या सरसावून खाली बसले. जळलेली तार त्यांनी टोकापासून टोकापर्यंत बदलली. बॅटरीशी आल्यावर पाना माझ्या हातात दिला. “कुठली बाजू?”

“उणे, चौकटीला.”

“आवळ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कारखान्यातून अर्धी रजा घेतली, जी त्यांनी माझ्या जन्मालाही घेतली नव्हती असं आई म्हणते, आणि पाचलाच आईला घेऊन गेले.

मी फाटकावर उभी राहिले. साडेआठच्या सुमाराला डग, डग, डग ऐकू आलं, आणि आवाजाच्या आधी, हे मी शपथेवर सांगते, उजेड आला. कोपऱ्यावरच्या निलगिरीची खोडं एकामागून एक पांढरी होत गेली. धुराच्या निळ्या चादरीत एक लांब बोगदा उघडला. आणि मग तो उजेड घराकडे वळायच्या ऐवजी शाळेच्या मैदानात शिरला आणि तिथेच थांबला. इंजिन चालूच. मला वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी जळलं. मी पळत सुटले.

मैदानाच्या एका टोकाला थोरली स्टँडवर, बाबा तिच्यावर बसलेले, हात अ‍ॅक्सिलरेटरवर. दुसऱ्या टोकाला, पांढऱ्याशुभ्र झोतात, जांभळ्या साडीतली माझी आई. मला पाहून बाबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजले, “भूमिका तिचीच आहे. पण देशकर म्हणाले, तिसरा अंक अजून कच्चा आहे. म्हणाली, घरी जायच्या आधी एकदा करून बघते.”

गवतावर दव होतं, आणि आईची सावली मागे शाळेच्या भिंतीवर दोन मजले उंच उभी होती. ती नसलेल्या खिडकीशी बोलत होती. “इतकी वर्षं मी या खिडकीतून दुसऱ्यांच्या बातम्या वाटल्या. कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं, सगळं माझ्या हातातून गेलं. आज माझ्या नावाचं एखादं...” ती अडली. हात तसाच हवेत. डोळे मिटले. “आज माझ्या नावाचं एखादं...”

“...पाकीट असेल म्हणून मी पिशवी उलटी करून झटकली,” बाबा म्हणाले. इंजिनाच्या वरून, मोठ्यांदा, एकही शब्द न चुकता.

आईने डोळ्यांवर हात धरून झोताच्या पलीकडे पाहिलं. तिला ते दिसत नव्हते, नुसता उजेड दिसत असणार.

“तुम्हाला पाठ आहे?”

“थोडंफार.”

“मग पुन्हा सुरुवातीपासून घेते,” आई म्हणाली. “आणि तो आवाज जरा कमी करा. मी बोलतेय.”

बाबांनी हात सैल केला. इंजिन मंदावलं, झोत थोडा पिवळा झाला आणि आखडला. आई क्षणभर काठावर, अंधारात राहिली. मग साडीच्या निऱ्या उचलून ती दोन पावलं पुढे आली, उजेडात.